मोहिनीची फी मी एकटा भरणार

१३ जुलै, रविवार. संध्या. ७
निवासी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. अठ्ठावीस वर्षांनी सगळे भेटलो. ओझरच्या फॅक्टरीतला महेश माइकवर म्हणाला, वीस जणांनी थोडे थोडे टाकले तर एका मुलीचा होस्टेल-मेसचा खर्च निघेल. थोडे थोडे! मी उठलो आणि जाहीर केलं, एका मुलीचा तिन्ही वर्षांचा खर्च मी एकटा करणार. हॉल दणाणला. महेश खाली बसला.
घरी शुभांगीला सांगितलं. तिने विचारलं, किती होतात? म्हटलं, अशा वेळी आकडा विचारायचा नसतो. (मीही विचारला नव्हता.)

१५ जुलै
होस्टेलच्या रेक्टर मनीषा मॅडमचा फोन. मुलगी ठरली. मोहिनी, पेठ तालुक्यातली, बी.एस्सी. पहिलं वर्ष. वर्षाचे बेचाळीस हजार, ३१ ऑगस्टपर्यंत. कॉलेजच्या मदत निधीत तिचं नाव होतं. तुम्ही देताय तर ती जागा दुसऱ्या मुलीला देऊ का, असं विचारलं. म्हटलं, बिनधास्त द्या. निर्णय पटकन घ्यायचे, हा माझा स्वभाव.

२ ऑगस्ट
नाव ठरलं : ‘किशोर गायधनी गुणवंत विद्यार्थिनी शिष्यवृत्ती’. आपलंच टाइल्सचं दुकान, काळा ग्रॅनाइट पडून होता, त्यावर कोरायला दिलं. कारागिराने ‘शिष्यवृती’ कोरलं. पुन्हा कोरायला लावलं. आधी पाटी, मग चेक. क्रम महत्त्वाचा.

३० ऑगस्ट
मॅडमना समजावलं की नुसता चेक देण्यात अर्थ नाही. छोटा कार्यक्रम हवा, इतरांना प्रेरणा मिळते. त्या म्हणाल्या, सर, ऑनलाइन पाठवलंत तरी चालेल. या लोकांना व्हिजन नाही. मुदत महिनाभर वाढवून घेतली.

१२ सप्टेंबर
पितृपक्ष. चांगल्या कामाची सुरुवात आत्ता नको. शुभांगी म्हणाली, फी भरायचीय, वास्तुशांत नाही करायची. दुर्लक्ष केलं.

१६ सप्टेंबर
मोहिनी आणि तिचे वडील फकिरा दुकानात आले. खुर्च्या गिऱ्हाइकांनी अडवलेल्या, म्हणून दोघं कमोडच्या खोक्यांवर बसले. नागलीचं पीठ आणलं होतं, घरच्या शेतातलं. फकिरा म्हणाले, “साहेब, तुमी हाय म्हणून पोर शिकतेय.” वाक्य कार्यक्रमातल्या भाषणासाठी लिहून घेतलं. (माझ्या.)
मुलगी हळू आवाजात बोलणारी. जाताना म्हणाली, “सर, ऑफिसात रोज विचारतात.” म्हटलं, टेन्शन घ्यायचं नाही, दसऱ्याला नक्की. तिघांचा फोटो स्टेटसला ठेवला. १४३ जणांनी पाहिला.

३ ऑक्टोबर
दसरा गेला. प्रमुख पाहुण्यांनी तारीख दिली नाही, त्यात माझा दोष नाही. कार्यक्रमासाठी जोधपुरी शिवून आला. फिटिंग उत्तम. मात्र त्यात आणि दिवाळीच्या मालात खातं जरा खाली आलंय. तात्पुरतं.

१४ ऑक्टोबर
मॅडमचा फोन. मोहिनीचं मेस कार्ड बंद झालंय. मैत्रिणींच्या ताटातलं खाते. मी विचारलं, तिला परत निधीत घेता येईल का? म्हणाल्या, ती जागा तुम्हीच द्यायला सांगितलीत. टोन आवडला नाही.
ग्रुपवर लिहिलं, महेशची मूळ कल्पना चांगली होती, सगळ्यांनी मिळून करू, नेतृत्व मी करतो. चार जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले. महेशचा फोन आला. म्हणाला, “किशोर, तू एकटा करतोस म्हणून आम्ही सगळ्यांनी हात काढून घेतले. आता परत कुणी देत नाही रे.”
लोकांना सातत्य नाही.

१७ नोव्हेंबर
दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. मोहिनी आली नाही. वडिलांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेली, असं मॅडम म्हणाल्या. 
ठरलं. स्वतः जाऊन तिला परत आणायचं. चेक घेऊनच.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४
सकाळी निघालो. दोन बागा चुकलो, तिसऱ्यात सापडली. ओळीच्या टोकाला उभी राहून घडांची विरळणी करत होती. हातात छोटी कात्री. मी खिशावर हात ठेवून म्हटलं, चल, चेक आणलाय.
म्हणाली, “सर, परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली.”
म्हटलं, मी बोलतो कॉलेजशी.
“मॅडम बोलल्या होत्या. नाही झालं.”
फकिरा आले. हात जोडले. म्हणाले, “आता हंगाम सरेपर्यंत नाय जमायचं, साहेब. मालकाला शब्द दिलाय.” मला सावलीत बसवलं, कोरा चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.
निघताना विचारलं, पुढच्या वर्षी येशील ना? ती हसली.
“बघू, सर.”
मुकादमाने हाक मारली, ती ओळीत आत गेली. वसुलीला येणाऱ्या माणसाला मी रोज असंच म्हणतो. बघू.
घरी आलो. शुभांगीने खिशातला चेक काढून पाहिला. म्हणाली, यावर सही नाही.
म्हटलं, घाईत राहिली.
“जुलैपासून घाई?”
ताट वाढलेलं होतं. जेवलो.