हकीम काय म्हणाले होते

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तोंडातून अजून 'तुम्ही'च येतंय. त्याचीही चीड येते.

आईच्या छातीत गाठ आली तेव्हा तुम्ही तिला भायखळ्याच्या म्हाताऱ्या हकीमांकडे नेलंत. मी बाहेर बाकावर बसले होते. पडद्याआड हकीमांच्या बायकोने गाठ चाचपली, मग हकीम तुमच्याशी बराच वेळ हिंदीत बोलले. आईला मालवणीपलीकडे काही कळत नव्हतं. बाहेर येऊन तुम्ही तिला म्हणालात, "सुरी लावायची नाही म्हणतात. काढा आणि पथ्य." झालं! काळं पित्त वाढतं म्हणून वांगं बंद, मसूर बंद, सुकट बंद. तिच्या ताटावर पोलिसासारखी नजर ठेवायचात, आणि हात धुतले की निघालात संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला. कारभार मराठीत चालला पाहिजे, गरिबाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे! लालबागच्या नाक्यावर काय टाळ्या पडायच्या तुम्हाला.

वर्षभराने गाठ फुटली. तुम्ही मोर्चात, म्हणून आईबरोबर मी गेले. हकीम माझ्यावरच भडकले. "तब सुपारी जितनी थी! तेरे बाप से कहा था, परेल के अस्पताल में जड़ से कटवा दो. अब मत छेड़ना." त्यांच्या जुन्या ग्रंथांत तसंच होतं म्हणे: लहान असेल तर आजूबाजूच्या मांसासकट काढा, पसरली की हात लावू नका. या रोगाचं नावच खेकडा, शिरा तशा पाय पसरतात म्हणून. मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जल्मभर कुर्ल्यो खाल्लंय, आता कुर्ली माका खातली." आणि भायखळ्याच्या बाजारात शिरून तिने वांगी घेतली.

संध्याकाळी तुम्ही घसा बसवून आलात. ताटात भरलं वांगं बघून विचारलंत, "हे काय?"

"हकीमान सांगल्यान, वांगी खा म्हणान," आई म्हणाली आणि तुमच्याकडे बघत राहिली.

तुम्ही मान खाली घालून जेवलात. अहो, एक शब्द तरी बोलायचात! परका डॉक्टर बायकोच्या अंगाला हात लावेल, चाळ काय म्हणेल, हेच ना? तेवढं तरी तिला तिच्या भाषेत सांगायचंत. मुंबई मिळाली तेव्हा ती नव्हती. तुम्ही पेढे वाटलेत, मी खाल्ला नाही.

हा कागद पाठवणार कुठे, चुलीत घालीन. पण एक सांगून टाकते. आईचे शब्द आठवतात, आवाज काही केल्या आठवत नाही. तुमचा आठवतो, नाक्यावरचा, घोषणेसकट.