चौथऱ्यावरील 'उठा' या शब्दातून गळालेल्या 'नका'बाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
स्मारके व पुतळे विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : बाकवाल्या बाईंच्या पुतळ्याखाली कोरलेला 'उठा' हा शब्द अनावरणापूर्वी दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे.

महोदय,

१. मी पोलीस खात्यातील निवृत्त लघुलेखक, वय वर्षे एक्क्याऐंशी. सदर शब्द बाईंचा नसून माझा आहे, हे चौथ्यांदा लेखी कळवीत आहे.

२. कालव्यापलीकडच्या माणसांना सरकारी दवाखान्यात बाकावर बसू देत नसत, हे आता शाळेच्या पुस्तकात आहे. अंगात ताप असला तरी ती भिंतीला टेकून उभी राहत. बाई तिथल्याच, शिवणकाम करणाऱ्या. एका सकाळी त्या बाकावर बसल्या आणि शिपाई "उठा" म्हणाला तरी उठल्या नाहीत. त्यांची सगळी चळवळ एवढीच होती : बसायचे आणि उठायचे नाही. पुढे टपाल कचेरी झाली, कोर्टाचा व्हरांडा झाला. त्यांची भाषणे टिपून घेण्याचे काम सात वर्षे माझ्याकडे होते.

बाई भाषणही बसूनच करीत. मी साध्या कपड्यांत पहिल्या रांगेत असे, आणि मी कोण ते सगळ्यांना ठाऊक असे. मी मागे पडलो की बाई थांबत आणि विचारीत, "लिहून झालं का हो, भाऊ?" सभा हसे. मी मान हलवली की पुढचे वाक्य येई. उभ्या नोकरीत इतक्या अदबीने मला कोणी मजकूर सांगितला नाही, वरिष्ठांनी तर नाहीच.

३. शेवटच्या सभेला लाठीवाले चारी बाजूंनी उभे होते. बाई म्हणाल्या, "कोणी काहीही म्हणो, जागेवरून उठू नका." आम्ही शिकलेल्या लघुलेखनात नकारासाठी वेगळा शब्द लिहीत नाहीत, क्रियापदाच्या खुणेखाली एक बारीक रेघ ओढतात. नेमके तेव्हाच माझ्या पेन्सिलीचे टोक मोडले. रेघ ओढली गेली, पण फिकट. संध्याकाळी टंकताना ती मला दिसली नाही. मी 'उठा' टंकले, आणि कार्बनच्या चार प्रती चार टेबलांवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात वही धरली तर रेघ होती. मी साहेबांना दाखवली. ते म्हणाले, "अहो, एका रेघेनं काय आभाळ कोसळणार आहे? प्रती गेल्या." मी गप्प बसलो. साहेबांना दोष देत नाही. तोंड माझे होते.

त्या एका शब्दावर दंग्याची चिथावणी शाबीत झाली. कोर्टात बाई म्हणाल्या, "मी उठू नका म्हटलं होतं. या भाऊंना विचारा, ते सगळं नीट लिहून घेतात." मला विचारण्यात आले. मी सांगितले, "नोंदीप्रमाणे 'उठा'." बाईंना तीन वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या तुरुंगातच वारल्या. लोक याला 'ध'चा 'मा' म्हणतील. मी तेवढी कारागिरीही केली नाही. रेघ पाहिली आणि मान खाली घातली, बस्स.

४. पुढे काळ बदलला आणि कालव्यापलीकडच्या पोरांना सरकारी कागदांत तो शब्द सापडला. आज तो भिंतींवर आहे, झेंड्यांवर आहे. माझी नात शाळेत बाईंची भूमिका करणार आहे. परवा ती स्वयंपाकघरात पाठांतर करीत होती, "उठा, जागेवरून उठा." मग मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्यांना खरंच ऐकलंय ना? मग म्हणून दाखवा की." मी तिची पेन्सिल टोक काढायला मागून घेतली. पेन्सिलीला टोक काढायला बसलो की कानाशी अजून प्रश्न येतो, "लिहून झालं का हो, भाऊ?" बावन्न वर्षे मी मान हलवीत आहे. घरच्यांना वाटते, मला कंपवात झाला आहे.

५. आपल्या उत्तरांबाबत :

(अ) पुतळा बागेत असल्याने अर्ज उद्यान विभागाकडे वर्ग केल्याचे कळविले. उद्यान विभागाने मला रोपांची यादी पाठविली.

(आ) चौथऱ्यावर दोनच अक्षरांची जागा मंजूर असल्याचे कळविले. 'उठू नका' ही चार अक्षरे होतात, हे मान्य. तसेच पुतळा हात उंचावून उभा असल्याने त्याखाली 'उठू नका' विसंगत दिसेल, असेही आपण म्हणता. महोदय, विसंगत पुतळा आहे. बाईंना खाली बसवा.

(इ) मूळ वही पुरावा म्हणून मागविली. दहा वर्षांनी वह्या नष्ट करण्याचा नियम असून नष्ट केल्याच्या यादीवर माझीच सही आहे. परंतु ते एक पान मी आदल्या दिवशी फाडून घेतले होते. नोकरीत केलेली ही माझी एकमेव चोरी. शिक्षा द्यावयाची असल्यास माझी हरकत नाही.

६. मला माफी नको. ती देणारे माणूस उरलेले नाही. शब्द तेवढा त्यांचा त्यांना परत मिळावा.

न मिळाल्यास, अनावरणाच्या सकाळी मी चौथऱ्यापाशी जमिनीवर येऊन बसेन. आपले शिपाई मला "उठा" म्हणतील. मी "उठणार नाही" असे म्हणेन. त्यातील 'नाही' लिहून घेण्याची ताकीद आपल्या लघुलेखकास आधीच द्यावी. मी सावकाश बोलेन.

सरकारचाच एक जुना, नम्र नोकर,
(सही)
निवृत्त लघुलेखक
दिनांक : अनावरणास नऊ दिवस बाकी

सोबत :
१) आपल्या तीन उत्तरांच्या प्रती.
२) उद्यान विभागाची रोपांची यादी (परत).
३) वहीच्या पानाची झेरॉक्स. रेघ झेरॉक्समध्ये उमटत नाही. मूळ पान मी बसेन तिथे, उजेडात धरून पाहावे.