पुढून बांधायचं जॅकेट

आई, हल्ली तू आरशात फार येतेस. केस विंचरताना येतेस, ऑफिसच्या लिफ्टमध्ये येतेस, आणि गेल्या शनिवारी द हेगच्या एका दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीत आलीस, तीसुद्धा कोरियन कपड्यांत! म्हणून म्हटलं, आता हिच्याशी एकदा भांडूनच घ्यावं. तुला जे झालं होतं तेच मला झालंय. बाजूही तीच, डावी. वेळेवर सापडलंय असं डॉक्टर म्हणतात. इथे एका वयानंतर सगळ्याच बायकांना तपासणीला बोलावतात, मी कंटाळत कंटाळत गेले होते. उद्या ऑपरेशन आहे. हॉस्पिटलमधली नर्स म्हणाली, नंतर बरेच दिवस हात वर जाणार नाही, डोक्यावरून घालायचे कपडे नकोत, पुढून उघडणारं काहीतरी सैल घेऊन ठेवा. आता आमच्या या रायस्वाइकच्या घरात माझे सगळे कपडे डोक्यावरूनच घालायचे. तुझी पुढून हुकांची ब्लाउजं काय वाईट होती, असं उगाच मनात आलं.

लेकीला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही दम भरला होता, तोंड उघडलंस तर बघ. तिची परीक्षा होऊन जाऊ दे, म्हटलं. ऐकतेयस ना? तूसुद्धा माझ्या परीक्षेचंच निमित्त करून लपवलं होतंस, मला सगळं मागाहून कळलं. लेकीला मी एवढंच म्हटलं, की मला पुढून बांधायचं एखादं सैलसं जॅकेट हवंय. झालं! कोरियन मालिका बघून बघून ती आधीच वेडी झालेली. 'मम्मा, हानबोक!' म्हणून उडीच मारली तिने. म्हणजे त्यांचा जुना, सणासुदीचा पोशाख, पण आता तोच रोज वापरता येईल असा शिवतात. सुती, लिननचा, खिसे असलेला, मशीनमध्ये टाकता येणारा, ऑफिसलासुद्धा चालेल असा. ट्रॅममध्ये ती मला फोनवर एकेक चित्र दाखवत होती आणि मी मान हलवत होते, लक्ष कुठे होतं देव जाणे.

दुकान एका कोरियन बाईचं, माझ्याच वयाची असेल, डच मात्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. तिने एक गर्द निळं आखूड जॅकेट काढून दाखवलं. एक पाखा दुसऱ्यावर घ्यायचा आणि उजवीकडे छातीशी दोन लांब बंद बांधायचे. मी म्हटलं, अगं, हे तर मोठ्या माणसाचं झबलं! लेकीने कपाळावर हात मारला, पण दुकानवालीला समजावूनही तिनेच सांगितलं, आणि ती बाई इतकी हसली की आणखी दोन जॅकेटं काढून आणली. मग लेक हट्टालाच पेटली, नुसतं जॅकेट काय घालतेस, घागराही घालून बघ. घागरा कंबरेवर नाही बांधायचा गं, पार वर, छातीवर. पडद्याआड मी त्याच्या नाड्या आवळून गाठ मारली, मान वर केली, तर तू.

न्हाणीघरातून परकर छातीवर बांधून निघालेली तू. केसांतून पाणी ठिबकतंय, डावा खांदा पुढे काढलेला. त्या शेवटच्या वर्षी तू अशी भिंतीच्या कडेकडेने जायचीस आणि मला वाटायचं, आईला हल्ली माझी लाज वाटते की काय. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मलाच काढायला लावायचीस. 'एवढी उंच झालीस, मग काढ की!' मी हरखून जायचे, मोठी झाले म्हणून. एकदा तुझ्या ब्लाउजवर ओला डाग दिसला. 'काही नाही गं, उष्णतेचं गळू आहे,' म्हणालीस, आणि वर मलाच झापलंस, 'अभ्यास सोडून माझ्याकडे काय बघत बसलीस?' मी मुकाट पुस्तकात डोकं घातलं.

तेवढ्यात लेकीने पडद्यातून डोकं आत घातलं, बंदांची गाठ कशी मारायची ते दाखवायला. घागऱ्याच्या वर, तपासायला सुईने तुकडा काढला होता तिथलं काळंनिळं अजून गेलेलं नाही. 'हे काय?' तिने विचारलं. आणि मी म्हणाले, 'काही नाही गं, गळू आहे.' खरं सांगते आई, शब्द मी शोधले नाहीत. तुझेच आले, तुझ्याच आवाजात. त्याहून भयंकर म्हणजे तिने विश्वास ठेवला. 'क्रीम लाव,' म्हणाली आणि बंद बांधायला लागली.

घागरा दुकानातच ठेवला, जॅकेट घेतलं. ट्रॅमच्या थांब्यावर ती पिशवीत हात घालून म्हणाली, 'घडी मी मोडू ना?' ही खोड मीच लावलीय तिला. नवं लुगडं आधी आपल्या माणसाला नेसायला द्यायचं, घडी त्याने मोडायची, हे तू मला शिकवलंस आणि मी तिला. माझा साधा स्वेटरसुद्धा आधी ती अंगाला लावते. पण त्या दिवशी मी किंचाळले, 'हात लावू नकोस!' थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. मला तुझी ती इरकली साडी दिसत होती. दिवाळीला घेतलीस आणि 'तू मोड घडी' म्हणालीस. मी कॉलेजच्या गॅदरिंगला नेसून मिरवले. तू ती कधी नेसलीच नाहीस. मग एका सकाळी शेजारच्या बायकांनी कपाट उघडलं, वरचीच साडी काढली आणि तुझ्या अंगावर घातली. पदराला माझ्या अत्तराचा वास येत होता.

लेकीचे डोळे भरून आले. 'मी काय केलं?' म्हणाली. मग मात्र मला राहवेना. भडाभडा सगळं सांगून टाकलं, गाठ, तारीख, तू, सगळं. एरवी मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर देणारी पोरगी, पण भांडते मराठीतच, माझ्याकडूनच शिकलीय. 'कधी सांगणार होतीस? कापून झाल्यावर?' मी परीक्षा म्हणाले, तर 'परीक्षा गेली खड्ड्यात!' असं ओरडली. आणि पिशवीतून जॅकेट ओढून काढलं, अंगातल्या कोटावरच चढवलं, बंदांची वेडीवाकडी गाठ मारली. 'मोडली घडी. आता काय करशील?' घरी येईपर्यंत ट्रॅममध्ये ती तशीच बसली होती, नव्या कोऱ्या बाहीला नाक पुसत, माझा हात घट्ट धरून.

तेव्हा मला तुझा इतका राग आला, आई. हे तू माझ्याकडून काढून घेतलंस. मलाही असं ओरडता आलं असतं. तुला फरफटत डॉक्टरकडे नेलं असतं, नाहीतर निदान ट्रॅममध्ये तुझा हात तरी धरला असता. साताऱ्यात ट्रॅम नव्हती, एस.टी. तर होती! तू मला पुस्तकाशी बसवून ठेवलंस आणि एकटीच निघून गेलीस.

उद्या ती येणार आहे माझ्याबरोबर, नवराही येणार आहे. तेव्हा तू येऊ नकोस. तू दिसलीस की मला वाटतं, आपलंही तसंच होणार. लेकीला म्हटलंय, मला मुळीच भीती वाटत नाही. तेवढं एक खोटं ठेवलंय, आणि ते फक्त तुला सांगतेय, कारण हे पत्र कुठे जायचं नाही. फक्त एकच गोष्ट आहे. भूल देतात त्या खोलीत घरच्यांना येऊ देत नाहीत, दाराशीच थांबवतात. तेवढ्यापुरती ये.