सूनबाईची टीम आणि माझे खडे

४ मार्च, बुधवार

खडेच निघाले! नुसते खडे! सोनोग्राफीवाल्या पोरीने पोटावर यंत्र फिरवताना असं काही तोंड केलं होतं की मी पडल्या पडल्या दागिन्यांची वाटणी करून टाकली होती. पित्ताशय काढलं की संपलं. आणि काढणार कोण, तर मोठे डॉक्टर! त्यांची तारीख मिळावी म्हणून लोक खेटे घालतात. मला अठरा तारीख मिळाली. चिरंजीवांनी ऑफिसातून फोन केला — "आई, सुटलीस."

सुटलेच. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. अर्थात पथ्याचं.

सूनबाई मात्र भांडी लावता लावता हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी एकदा दाखवू या का. मी म्हटलं, का? तुझं त्यांच्याशी पटलं नाही म्हणून? ती पुढचं ताट लावायला लागली.

५ मार्च, गुरुवार

आज पुन्हा तेच. "आई, त्या एक बाई डॉक्टर आहेत..." मी हात दाखवून थांबवलं.

राग कागदावर काढलेला बरा. ही बाई त्याच डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सीनियर नर्स होती. आज तिथे असती तर मी टेबलावर निर्धास्त पडले असते, घरचं माणूस उशाशी. पण बाईसाहेबांनी गेल्या वर्षी राजीनामा दिला आणि कॉलेजात कोच झाल्या. कशाच्या? तर कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या! ई-स्पोर्ट्स म्हणायचं त्याला. वर पगार देतात! नर्सिंगच्या हॉस्टेलपासून हा खेळ खेळते म्हणे, स्पर्धाही जिंकलीय. लग्न ठरवताना हे बरं कुणी सांगितलं नाही!

समोरच्या घरातली शेजारीण म्हणाली, अशी भरल्या ताटावरून कोण उठतं? काढून टाकलं असेल. मी तिला तिथल्या तिथे झाडली. पण झोपताना तेच डोक्यात.

८ मार्च, रविवार

चिरंजीव परगावी. मला कळा येतात म्हणून सूनबाई एकटं सोडायला तयार नाही. गेले तिच्याबरोबर सरावाला. कॉलेजची जुनी लॅब, खिडक्यांना पडदे, दाताच्या डॉक्टरकडे असतात तशा खुर्च्या. त्यांत पाच पोरं रेललेली. कॉम्प्युटरवर रंगीबेरंगी प्राणी एकमेकांना बडवताहेत. मला काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

पण गंमत अशी की कोचबाई कॉम्प्युटरकडे पाठ करून बसलेली! कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. मी म्हटलं, पगार झोपायचा मिळतो काय? म्हणाली, "खेळतात ते माझ्यापेक्षा चांगलं, आई. मी फक्त त्यांचं बोलणं ऐकते." दुसरा हेडफोन माझ्या कानाला लावला.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेलाय माझा. बोलणं ऐकायचं कसं ते मला शिकवायला नको. "डावीकडे दोघं." "बघितलं." "मला वेळ लागेल." "आलो." एक शब्द फुकट नाही! आमच्या सुपरवायझरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

एक नियम मात्र भलताच. टीममध्ये सगळ्यांत नवी मुलगी — चिमणी म्हणतात, आहेही तेवढीच — ती "मागे" म्हणाली की पाचही जणांनी मागे फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही. ते सामना संपल्यावर. हा उलटा कारभार कशाला? अनुभवी पोराला ठरवू दे की! सूनबाई म्हणाली, अनुभवी माणूस आपल्या कामात बुडालेला असतो. नव्याला भीती वाटत असते, म्हणून तो चारी बाजूंना बघत असतो.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नव्या मुलीने तोंड उघडलं तर हातावर पट्टी बसायची. म्हटलं नाही तिला. म्हणायला हवं होतं.

९ मार्च, सोमवार

चोरून तळलेलं खाल्लं. पोटाने चहाडी केली.

१४ मार्च, शनिवार

सामना. एकटी घरी काय करू, म्हणून गेले. (खोटं कशाला लिहू? विचारायच्या आधीच चप्पल घालून तयार होते.)

जिंकत होती पोरं! मलासुद्धा कळत होतं. तेवढ्यात चिमणी ओरडली, "मागे!" पाचही जण फिरले. आणि मागे होतं काय? काही नाही! समोरच्यांनी मोकळं मैदान मारलं. हरले.

उंच मुलाने हेडफोन आदळला. चिमणी रडायला लागली. एक खरमरीत वाक्य माझ्याच जिभेवर तयार होतं. सूनबाईने सगळ्यांना पाणी दिलं, खाली बसवलं आणि विचारलं, "काय दिसलं तुला?" पोरगी मुसमुसत म्हणाली, त्यांचे दोघं एकदम दिसेनासे झाले, वाटलं दबा धरून बसलेत. "बघितलंस ते बरोबर. अंदाज चुकला. पुढच्या वेळी पुन्हा म्हणशील?"

चिमणीने बाहीने डोळे पुसले. मग तो उंच मुलगाच जमिनीकडे बघत पुटपुटला, "म्हण गं. आम्ही येऊ."

बसमध्ये मी म्हटलं, हरलात की. हो म्हणाली. आणि मग, न विचारता, सगळं सांगितलं. मोठ्या डॉक्टरांच्या थिएटरमध्ये एक नवी नर्स आली होती. पोट शिवायच्या आधी रक्त टिपायची फडकी मोजतात, एखादं आत राहू नये म्हणून. एकदा ती म्हणाली, थांबा, एक कमी आहे. पुन्हा मोजली तर बरोबर भरली. डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, शाळेत आकडे शिकवले होते का? पुढे एकदा फडकं खरंच कमी होतं. तिला कळलं होतं. ती बोलली नाही. पेशंट वाचला, पण पोट दुसऱ्यांदा उघडावं लागलं. सूनबाई त्या दिवशी रजेवर होती. परत आल्यावर डॉक्टरांशी बोलायला गेली, तर म्हणाले, हे थिएटर आहे, चर्चासत्र नाही. राजीनामा दिला.

म्हणजे हिला काढलं नव्हतं! माझा जीव भांड्यात पडला. लगेच पुन्हा बाहेर आला — अठरा तारीख!

मी ओरडलेच. अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?

"दोनदा 'मागे' म्हटलं, आई. तुम्ही फिरला नाहीत." आणि हसली, मेली! मग गंभीर होऊन म्हणाली, त्यांचा हात खरंच चांगला आहे. ठरवायचं तुम्ही.

१६ मार्च, सोमवार

एकटी जाऊन मोठ्या डॉक्टरांना भेटले. मला "मावशी" म्हणाले. बरं. विचारलं, तुमच्या थिएटरमध्ये सगळ्यांत धाकटी नर्स मध्येच "थांबा" म्हणाली तर? मोठ्याने हसले. "मावशी, माझ्या थिएटरमध्ये असं कुणी म्हणत नाही." केवढ्या अभिमानाने!

आभार मानले, अस्सल कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. तारीख रद्द केली. खडे जागच्या जागी आहेत, पण पायऱ्या उतरताना पिसासारखं हलकं वाटत होतं.

तिथून सूनबाईच्या बाई डॉक्टरांकडे. कोणता दिवस सोयीचा, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, कोणताही द्या. फक्त शनिवार नको. आमचा सामना असतो.