तात्या साखर खातात कुठं?

प्रिय अंकिता,

परवा फोनवर तू जे बोललीस ते मला लागलंय, हे आधीच सांगून टाकते. मनात ठेवून कुढत बसणारी बाई मी नव्हे. तुझ्या तात्यांच्या रक्तातली साखर पुन्हा वर गेली म्हटल्यावर तू सरळ माझ्यावरच घसरलीस. आई, तूच त्यांना लाडानं खायला घालतेस, म्हणालीस. मी? साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद करून किल्ली कमरेला खोचून हिंडते, ती मी? कारखान्याची सभासदांची साखर आली, ती पिशवी मी उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतली नाही, तशीच तुझ्या धाकट्या काकीकडं पाठवून दिली. ती खूश, आणि मी बिनसाखरेचा चहा पिऊन तुझी बोलणी खातेय.

तू साताऱ्याहून मोबाईलवर पाठवलेला आहाराचा तक्ता मी मोठा छापून आणून फ्रिजवर चिकटवलाय आणि सगळं घर त्यावर चालतंय. घर म्हणजे आता आम्ही दोघंच, पण तरी. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, वर काकडी-गाजराची कोशिंबीर, रात्री मुगाचं कढण. भात वाटीभर, तोही एक दिवसाआड. जवसाची नि कारळ्याची चटणी तू मला शिकवावीस याचं हसू येतं बरं का. पण म्हटलं, लेक शिकलेली आहे, सांगतेय ते आपल्या भल्याचंच सांगतेय. ते चिया का काय ते बी पाठवलंस, तेही भिजवून घातलं. तात्या म्हणाले, बेडकाची अंडी गिळल्यागत वाटतंय गं. तरी गिळलं बिचाऱ्यांनी. माझं म्हणशील तर गुडघे हलके झालेत, माडीवर चढताना धाप लागत नाही, पोलकी सैल झालीत. गुण मला आला आणि दुखणं ज्यांचं ते आहे तिथंच!

सांगलीच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन सांगितलं, ही साखर अशीच राहिली तर शरीरातलं काहीतरी कायमचं जाणार. किडनी म्हणाले, पाय म्हणाले, डोळे म्हणाले. मागच्या आळीतल्या बयाबाईच्या मालकांचा पाय कापावा लागला, ते तुला ठाऊकच आहे. ज्या माणसानं बर्फात ठाणी सांभाळली, जो सुभेदार होऊन ताठ मानेनं घरी आला, त्याला मी कुबड्या घेतलेलं बघू? मग मी संशय घेऊ नको तर काय करू, तूच सांग. पथ्य डोळ्यांदेखत पाळलं जातंय, गोळ्या चालू आहेत, इंजेक्शन ते रोज स्वतःच्या हातानं घेतात. मला हात लावू देत नाहीत. सुईला भ्यायला मी काय शाळकरी पोर हाय व्हय, म्हणतात. मग साखर येते कुठून? आभाळातून तर पडत नाही. म्हणजे माणूस बाहेर चोरून खातोय. दुसरं काय असणार?

एकदा संशय घेतला की जिकडं बघावं तिकडं पुरावाच दिसतो, हे मला कबूल आहे. पण पुरावे होतेच गं. न्हाणीत मुंग्यांची रांग लागायला लागली. मी दगड न् दगड हलवून बघितला, कुठं गुळाचा खडा दडवलाय की काय म्हणून. काही सापडलं नाही. मोटारसायकलला ह्यांनी कव्हर घालून ठेवलं, म्हणाले, पेट्रोल कशाला जाळायचं, चालावं म्हणून पोरगीच सांगतीया की. आणि चालत जायचं कुठं, तर त्यांच्या दोस्ताच्या, गुंडाच्या गुऱ्हाळावर! रोज. सकाळचा पेपर मोठ्यानं वाचून मला ऐकवायची सवय होती, तीही सुटली. पेपरात काय राम ऱ्हायला न्हाई म्हणतात, आणि चहा घेतला की टोपी घालून निघाले. एवढी घाई कसली? माझी खात्रीच झाली, तिकडं गरम काकवीची वाटी वाट बघत असणार.

गुंडाला मी घरी बोलावून उलटसुलट विचारलं. त्यानं जोतिबाची आण घेतली. म्हणाला, वैनी, सुभेदारांनी काकवीला बोट बी लावलं असंल तर माझी जीभ झडू दे. गुळाकडं पाठ करून बसत्यात आन् गड्यांस्नी पलटणीच्या गोष्टी सांगत्यात. मी त्यालाच फैलावर घेतलं. दोस्त कधी दोस्ताची चोरी सांगेल होय? जाताना तो उंबऱ्यात घुटमळला, वैनी, एक बोलायचं हुतं, म्हणाला. मी म्हटलं, गुऱ्हाळवाल्यानं मला साखरेचं शहाणपण शिकवू नये. गेला बिचारा खाली मान घालून.

मग माधवनगरचं लग्न झालं. तू आली नव्हतीस ते बरंच झालं. आता सगळीकडं तसंच असतं, पंगत नाही, ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपलं आपण वाढून घ्यायचं. मी बायकांत बोलत उभी होते, पण सगळं लक्ष ह्यांच्या ताटाकडं. बघते तर काय, ह्यांनी भात घेतला आणि त्यावर डावभर बासुंदी ओतली! ओतली ती ओतली, वर कालवायला लागले. मला वाटलं, काय डोकं चालवलंय बघा, वाटीत घेतली तर बायको बघेल म्हणून भातात लपवतायत. तशीच तरातरा गेले आणि चारचौघांत ताट हातातून काढून घेतलं. मिशा पांढऱ्या झाल्या तरी जिभेला लगाम नाही, लाज वाटत नाही का, असं काय काय बोलले. लोक हसले. ह्यांना हसू आलं नाही की राग आला नाही. नुसतं म्हणाले, कढी वाटली गं मला. मी म्हटलं, व्हय तर, केशर घातलेली कढी! त्यावर लोक आणखी हसले. येताना एसटीत त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. चोर सापडला की गप्पच बसतो, असं मनाशी म्हणत खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी ते आंबील पिऊन उठले आणि मटकन खालीच बसले. अंग घामानं डबडबलं, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. म्हणाले, साखर दे. तुझ्या तक्त्याच्या खाली तांबड्या अक्षरांत लिहिलंय, असं झालं तर लगेच साखर द्यायची. मला ते पाठ आहे. तरी अंकिता, कमरेची किल्ली काढताना माझा हात थबकला. मनात आलं, हे नाटक तर नसेल? दिली मी, पाण्यात ढवळून पेलाभर पाजली, आणि थोड्या वेळात माणूस ताळ्यावर आला. पण आपल्या नवऱ्याचा जीव चाललाय आणि आपण तो खोटा तर नाही ना म्हणून बघत उभं राहिलो, याची मला आता शिसारी येते. इंजेक्शन जास्त घेतलंत काय, असं विचारलं, तर केवढ्यांदा ओरडले माझ्यावर! फौजी माणसाला मोजमाप शिकवतीस व्हय, म्हणाले. ओरडणं नेहमीचंच, पण आवाज घाबरलेल्या माणसाचा होता. तेव्हापासून तर साखर आणखीच वर चढलीय.

काल सकाळी मी ठरवून पाळत ठेवली. इंजेक्शन ते मागच्या खोलीत खिडकीशी उभं राहून, दाराकडं पाठ करून घेतात. मी बाहेरून व्हरांड्याच्या कोपऱ्यातनं डोकावले. त्यांनी सिरिंज उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मान तिरकी करून बघितली. मग औषध ओढलं अगदी जरासं, नखानं चाचपून अंदाज घेतला आणि टोचून मोकळे झाले. ते गुऱ्हाळाकडं गेल्यावर मी फ्रिजमधली औषधाची बाटली काढून बघितली. एव्हाना संपायला हवी होती, ती अर्ध्याच्या वर भरलेली! पहिला विचार काय आला सांगू? औषध चुकवतायत, जीव नकोसा झालाय की काय ह्यांना. मेली संशयाची सवय. आणि मग एकदम तो बासुंदी-भात आठवला. खरंच कढी वाटली असेल तर?

मी तिथंच फ्रिजपुढं फरशीवर बसले बघ. पेपर का सुटला, गाडी का बंद झाली, सिरिंजवरचा तो एवढासा आकडा का वाचता येईना, एका दिवशी औषध जास्त कसं गेलं आणि त्या भीतीनं रोज कमी का घेतायत, सगळं एका दमात कळलं. गुंडाला काय सांगायचं होतं तेही कळलं. न्हाणीतल्या मुंग्यासुद्धा लघवीतल्या साखरेवर येत होत्या, गुळावर नव्हे. लिहून टाकते आता, अंकिता. तुझ्या तात्यांना दिसत नाही. पायाखालची ओळखीची वाट दिसत असेल, माणूस आवाजावरून कळत असेल, पण बारीक काही दिसत नाही. डॉक्टरांनी दरवर्षी डोळे तपासा म्हणून सांगितलेलं, तर फौजीच्या डोळ्यांस्नी काय हुतंय म्हणून ह्यांनी उडवून लावलं, आणि मीही ताटावर नजर ठेवण्याच्या नादात ते विसरून गेले. चोरी कुणीच केली नव्हती गं. मी लग्नात त्यांची अब्रू काढली आणि ते गप्प राहिले. आंधळेपण उघडं पडण्यापेक्षा चोर ठरलेलं त्यांना परवडलं.

हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का लिहिलं, असं तुला वाटेल. काल एवढं बघूनही माझं मन मानायला तयार नव्हतं आणि तोंडावर विचारलं तर ते मरेपर्यंत कबूल करायचे नाहीत. म्हणून आज दुपारची जेवणं झाल्यावर सोप्यात त्यांच्या शेजारी बसून हे वरचं सगळं लिहिलं. एवढं काय लिवतीस, म्हणाले. म्हटलं, अंकिताला पत्र. वाचून बघा, काय ऱ्हायलं असंल तर सांगा. आणि पानं त्यांच्या हातात दिली. यात त्यांना चोर म्हटलंय, त्यांना दिसत नाही असं स्पष्ट लिहिलंय. मी देवाला हात जोडून बसले होते, ओरडू देत एकदा हे, पानं फाडून माझ्या अंगावर फेकू देत. त्यांनी सावकाश मान हलवत एकेक पान उलटलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, झकास लिवलंयस, माझी तब्येत ठणठणीत हाय म्हणून पोरीला कळवलंस ते लय बरं केलंस. मग माझ्याकडून पेन घेऊन म्हणाले, माझी बी सही घालतो, तिला बरं वाटंल. शेवटचं पान खाली अर्धं कोरं होतं, आणि सही बघ कुठं केलीय, मधल्याच पानावर, बासुंदीच्या ओळींवर आडवी. मी उरलेल्या कोऱ्या जागेत हे लिहितेय आणि ते समोर बसून मला विचारतायत, अजून संपलं न्हाई व्हय तुझं. पत्र मिळालं की सुट्टीची वाट न बघता गाडी घेऊन ये. मला माझे डोळे दाखवायचेत, एकटीला भीती वाटते, असं काहीतरी त्यांना सांग, म्हणजे ते मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं तुझ्यासोबत येतील. उद्या सकाळपासून इंजेक्शन मी भरून देणार आहे, पण काय सांगून भरून देऊ ते मला अजून सुचत नाही.

तुझीच,
आई