फ्यूजला लावलेली चांदी

बोईसर,
शुक्रवार, दुपार

प्रिय स्वाती,

तुझ्या अण्णाचं पत्र बघून आधी तुला हसू येईल. माझ्या हाताचं बिल गिऱ्हाइकाला माझ्याकडूनच वाचून घ्यावं लागायचं, म्हणून तर तू कॉलेज सुटलं की गॅरेजात बिलं लिहायला बसायला लागलीस. आता नाशिकच्या दवाखान्यात लोकांचं रक्त तपासतेस, तेव्हा असलं किचकट वाचायची सवय झाली असेल. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर बोलायला लागलो की मी हळूहळू स्वतःच्याच बाजूनं बोलायला लागतो, हे मला या वयात कळलंय. कागदावर निदान मागं जाऊन बघता येतं की खोटं कुठून सुरू झालं. आज शुक्रवार, एमआयडीसीची सुट्टी, गॅरेज बंद. उद्या मोनाली तुला आणायला निघेल, तिच्या हाती हे पत्र आणि एक पुडी देतोय. तुझी धाकटी बहीण चौकस आहे, पण पुडी उघडायची नाही अशी शपथ घातलीय.

घरी सगळं ठीक. तुझ्या आईनं शेवया केल्यात, ताटं मोजून ठेवलीत. पुढच्या रविवारी भाग्येशकडची मंडळी सुपारी फोडायला येणार म्हणून शेजारून खुर्च्याही सांगून ठेवल्यात. मुलगा चांगला आहे, त्यात काही खोट नाही. कंपनीत कायम आहे, आपल्या परभणीकडचाच, बोलायला नम्र. हे सगळं मीच तुला सांगितलं होतं, आणि गेल्या बुधवारी फोनवर तू हो म्हणालीस. पण ज्या शब्दांत हो म्हणालीस ते माझ्या घशाखाली उतरत नाहीत. तू म्हणालीस, "अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. मागं मी माझ्या मनानं माणूस निवडला, तो चार दिवससुद्धा शब्दाला जागला नाही. तुमची पारख खरी, माझी खोटी." फोन ठेवला. आईनं जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा येऊन बघून गेली. त्या रात्रीपासून मला हे सांगायचं आहे आणि रविवारच्या आत सांगायचं आहे.

धीरजची पिकअप आठवते ना? तुला नाही आठवणार तर कुणाला! किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी भरून बोईसर नि पालघरच्या बाजारात न्यायला त्यानं ती घेतली आणि पहिल्यांदा माझ्याकडे दोन फॉग लाइट लावायला आला. काम झालं, गेला. पंधरा दिवसांनी परत हजर, मागं माल उतरवताना उजेड पाहिजे. मग केबिनमध्ये पंखा. मग रिव्हर्सचा हॉर्न. मग गाणी लावायचा डबा आणि त्याचे दोन स्पीकर. डॅशबोर्डखाली मी सहा बटणांची पट्टी बसवली होती, त्यातली पाच भरली, आणि सहाव्याला काय जोडायचं ते सुचेना म्हणून ते तसंच ठेवायला सांगितलं. हौसेला मोल नाही, असं म्हणून मी हसायचो. दांडीतली पोरं चेष्टा करायची की धीरजच्या गाडीत मासळीपेक्षा वायरी जास्त. नवं बटण पहिल्यांदा गाडीवाल्यानं दाबायचं, हा आपल्या गॅरेजचा रिवाज. हा पठ्ठ्या दर वेळी म्हणायचा, "काका, बिल लिवणाऱ्यांना दाबू दे." आणि तू उठून जायचीस, बटण दाबायचीस, मग पर्समधून लाल नेलपॉलिश काढून त्या बटणावर खूण करायचीस, दिव्याला गोल, पंख्याला तीन पाकळ्या. पंचवीस वर्षं मी गाड्यांतले दोष शोधतोय, आणि माझ्या टेबलावर काय चाललंय ते मला सहा महिन्यांनी कळलं.

कळलं तेव्हा काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या मनात काय होतं ते आज लिहितो. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही दोघं माझ्यासमोर उभे राहिलात. मला धीरज नको होता. त्याच्यात वाईट काही नव्हतं. तो दांडीचा, आपण मराठवाड्यातून आलेलो. गावाकडच्या पाहुण्यांना काय सांगायचं, एवढ्याच धास्तीनं मी आतून नाही म्हणत होतो. ते तोंडावर म्हणायची लाज वाटली, म्हणून सिगारेटचं निमित्त काढलं. दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्याला पोरगी देणार नाही, सहा महिने हात लावला नाही तर बघू, असं मोठ्या न्यायाधीशासारखं म्हणालो. मला खात्री होती की सहा दिवसही निघणार नाहीत. तू मात्र माझे पाय धरलेस, की अण्णा किती सरळ बोलले. तो स्पर्श अजून बोचतो.

दुसऱ्या दिवशी, असाच शुक्रवार, गॅरेजला सुट्टी असूनही सकाळी धीरज आला. तू कॉलेजला होतीस. पट्टीवरची सगळी बटणं एकदम मेली होती. मागं मासळीचे क्रेट, वर बर्फ, पालघरचा बाजार गाठायचा होता, आणि पाऊस असा की फॉग लाइटशिवाय पुढचं दिसत नव्हतं. बघितलं तर फ्यूज उडालेला. नवा लावला, तोही उडाला. आता तुला मी लहानपणापासून काय शिकवलं? फ्यूज उडाला की त्याच्यावर रागवायचं नाही, त्यानं काय बघितलं ते शोधायचं. मला ते शोधायचीही गरज नव्हती. पहिल्या दोन दिव्यांसाठी टाकलेल्या एकाच बारीक लाइनवर मी पंखा, हॉर्न, डबा, सगळं चढवत गेलो होतो. दर वेळी वाटायचं, एवढंसं तर काम आहे, नवी लाइन कशाला. शिवाय पत्र्याच्या भोकातून वायर आत घेतली तिथं रबर बसवायचं राहिलं होतं. गाडी दिवसभर ठेवून सगळं उसवायला हवं होतं. पण आदल्या संध्याकाळपासून तो पोरगा मला डोळ्यांसमोर नको होता. डब्यातले फ्यूज संपले, समोरचं स्पेअरपार्टचं दुकान सुट्टीमुळं बंद. मी उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळला आणि घातला खोबणीत. पाचही बटणं चालू झाली, पण आता भार वाढला तर फ्यूज उडणार नव्हता, वायरच जळणार होती. सोमवारी आण, नीट करू, म्हणालो. धीरज बॅटरीचा उजेड धरून शेजारीच उभा होता, त्यानं सगळं बघितलं.

सोमवार आलाच नाही. रविवारी पालघरहून परतताना उमरोळीजवळ डॅशबोर्डखालून धूर निघाला. शेजारी त्याचे वडील नामदेव झोपलेले. धीरजनं आधी त्यांना ओढून बाहेर काढलं, त्यात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रस्त्यावरच्या लोकांनी मागचा उरलेला बर्फ केबिनमध्ये टाकून आग विझवली, पण पिकअप गेली. नामदेव शुद्धीवर आल्यावर जे बोलले तेच गावभर झालं, "पोरगा विडी ओढीत व्हता, दुसरं काय आसनार हाय!" गाडी दांडीला आणून ठेवली तेव्हा मी बघायला गेलो. सगळ्यांना वाटलं, रामकिसन माणुसकीनं आला. मी खाली वाकून वायर हातात घेतली. बाहेरच्या आगीत सापडलेली वायर एका जागी वरून जळते. ही बॅटरीपासून पट्टीपर्यंत आतून जळत गेली होती. ते वाचता येणारा तिथं मी एकटाच होतो. हात पुसले आणि घरी आलो.

त्या संध्याकाळी तू गॅरेजात येऊन मला एकच विचारलंस. "अण्णा, वायरिंगमुळं असेल का?" तू काही वकिलासारखी उलटतपासणी करत नव्हतीस, नुसतं बापाला विचारत होतीस. आणि मी भडकलो. माझं वायरिंग? इतक्या वर्षांत या हातानं केलेली एक गाडी पेटली का, असं ओरडलो. चोराच्या मनात चांदणं, म्हणून आवाज एवढा चढला. तू मान खाली घातलीस. धीरज तुला सांगत राहिला की मी ओढली नाय, आणि तू त्याच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास. पुढच्या महिन्यात नाशिकला निघून गेलीस. मी मनाशी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. गॅरेजचं नाव राहिलं, पोरगी आपल्या नात्यागोत्यात राहिली. आज चार वर्षं झाली, पोरी, आणि त्या दिवसापासून मी एकही गाडी घाईनं सोडलेली नाही. त्याचा कुणाला काय उपयोग!

आता या मंगळवारची गोष्ट. गॅरेजसमोर एक पिकअप थांबली आणि धीरज उतरला. चार वर्षांत पहिल्यांदा. आता दुसऱ्याची गाडी चालवतो. मालकानं फॉग लाइट लावायला पाठवलं होतं, म्हणाला. उजव्या हाताची कातडी अजून ओढल्यासारखी आहे, बोटं पुरती मिटत नाहीत. मी मान वर न करता काम सुरू केलं. लाइन ओढली, रबर बसवलं, रिले लावला. फ्यूजसाठी डब्याकडे हात नेला, तेवढ्यात त्यानं खिशातून एक नवा कोरा फ्यूज काढून माझ्यासमोर ठेवला. "काका, ह्यो लावा." एवढंच. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. मग मला समजलं, स्वाती. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हातावर फोड होते, गाव थुंकत होतं, बाप शिव्या देत होता, तू तोंड फिरवलं होतंस, तेव्हा एका वाक्यात तो सुटला असता. रामकिसनकाकानं चांदी लावली, एवढं म्हणायचं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही. मी धीर करून विचारलं, का रे बोलला नाहीस? तो दिव्याकडे बघत म्हणाला, "तुमचं गॅरेज बंद परलं आसतं, काका. आनि तिला तुमी येकच हाव. माजं काय, आमी दर्याची मानसां." बटण पहिल्यांदा दाबायला मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमीच दाबा." मी दाबलं. दिवे लागले. तुझ्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही, चहा घेतला आणि गेला.

काल रात्री तुझ्या आईला सगळं सांगितलं. मैना माझ्याशी तीस वर्षांत अशी बोलली नव्हती. "आधी लेकीला कळवा, मग मला तोंड दाखवा," म्हणाली आणि पाठ करून झोपली. सकाळी चहा मोनालीच्या हातून पाठवला. बरोबर आहे तिचं.

उद्या मोनाली नाशिकच्या वाटेला लागली की मी दांडीला जाणार आहे. नामदेवच्या अंगणात, चार माणसं बोलावून, त्यांच्या पोराला ज्या गोष्टीसाठी चार वर्षं बोल लावला ती माझी होती, असं सांगणार आहे. तू काय ठरवतेस याची वाट बघून नाही, त्याआधीच. रविवारी भाग्येशकडच्यांना येऊ द्यायचं की नाही ते तू सांग, त्यांच्याशी मी बोलेन, दोष माझ्यावर घेऊन बोलेन. धीरज तुझा होईल असं मी म्हणत नाही, त्याच्या मनातलं मला माहीत नाही. पण तुझी पारख खोटी, असं पुन्हा कधी म्हणू नकोस. म्हणून ही पुडी उघड. त्या शुक्रवारी फ्यूजला लावायला माझ्याकडे चांदी नव्हती. मी धीरजकडे मागितली. त्यानं खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं आणि आख्खं माझ्या हातावर ठेवलं. "ठेवा काका, आखाच ठेवा. कालचा हाय, तुमी बोल्लाव तवापासून हात नाय लावला. आता मना नको." त्यातली चांदी मी काढून घेतली आणि पाकीट रिलेच्या डब्याखाली टाकलं. चार वर्षं ते मला फेकवलं नाही आणि दाखवलंही नाही. आत सात सिगारेटी आहेत, जशा दिल्या तशा. तू मला विचारलं होतंस, वायरिंगमुळं असेल का. हो, पोरी. माझ्याच वायरिंगमुळं.

तुझाच, पण आता तू म्हणशील तर,
अण्णा