तिकिटाच्या खिडकीवरचा राजा

नांदुरा, ९ जानेवारी १९६३

सौ. शरयूस आशीर्वाद.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. बाळूचा खोकला थांबला का?

इथे रीतभात कशी ती नाही. ओळख ना पाळख, तिकिटाला येणारा जो तो मला 'राजा' म्हणतो. पुण्यात असं कोणी बोलून बघावं. काल एका म्हातारीला खडसावलं, "आजी, मी क्लार्क आहे, राजा नाही."

"बरं राजा, रागावू नको. जेवला नाही काय तू?" म्हणत तिने पदरातली भाकर खिडकीतून आत सरकवली.

खाणावळ दोन दिवस बंद आहे, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

नऊ वर्षांत तू मला 'अहो'च्या पुढे काही म्हटलं नाहीस. इथे आलीस की एकदा म्हणून बघ. घरात कोणी नसताना.

तुझा,
दिगंबर